घरीच आजारी पडणारी गाडी

आमची नवी गाडी पहिल्यांदा मेली तेव्हा आई हिरामावशीला आणायला खडकीला निघाली होती. साडीला पिन, पर्समध्ये पाण्याची बाटली, डोळ्यांवर लांबचा चष्मा, अशी जय्यत तयारी करून ती आत बसली, बटण दाबलं आणि गाडीने नुसता उसासा टाकला. समोरचे आकडे मिणमिणले आणि विझले. आईने पुन्हा बटण दाबलं. मग काचेतून माझ्याकडे पाहिलं. गाडी बिघडल्यावर माणूस वैतागतो, पण ती वैतागली नव्हती. ती घाबरली होती.

गाडी आईची आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या इमारतीत अजूनही काही लोक 'गोपाळकृष्णांची गाडी' म्हणतात आणि मला दर वेळी राग येतो. गोपाळकृष्ण म्हणजे माझे बाबा. त्यांना गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छा नाही आणि आई चालवत असताना ते एकदाही तिच्या शेजारी बसलेले नाहीत. विचारलं तर म्हणतात, "मला पायी बरं. पायांना ब्रेक चांगले आहेत."

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एके काळी नारायण पेठेतल्या निम्म्या दुकानांचे नंबर तिला तोंडपाठ असत, डिरेक्टरी उघडण्याआधी लोक तिलाच विचारत. जन्मभर ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसली, एक हात त्यांच्या खांद्यावर आणि तोंडाने स्तोत्र. बाबा आरशातून बघून म्हणायचे, "कुसुम, स्कूटर देव चालवतोय की मी?" मग साठी उलटल्यावर एके दिवशी कोणालाही न विचारता तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला, परवाना काढला आणि स्वतःच्या नावावर गाडी घेतली. एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारच्या बोर्डावर बसणाऱ्या हिरामावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रिक्षात तिला पाय दुमडता येत नसे आणि व्यायामासाठी तर खडकीहून सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात यावंच लागे. ते आईने अंगावर घेतलं. हिरामावशीला नेणं-आणणं हे तिचं काम झालं, आणि एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

पूजेच्या दिवशीचे बाबा मला आठवतात. आईने गाडीवर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि देव मानत नाहीत हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे, कारण ते सगळ्यांना सांगतात. ते दारात वर्तमानपत्र घेऊन उभे होते. म्हणाले, "लिंबू चिरडू नका, सरबताला होईल." वरच्या मजल्यावरच्या तात्यारावांनी लिंबू-मिरची बांधायला आणली होती, तर त्यांना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. लिंबात आम्ल, बॅटरीतही आम्ल. नातेवाईकच ते." तात्याराव बिचारे लिंबू-मिरची घेऊन परत गेले.

तर पहिल्यांदा गाडी मेली तेव्हा कंपनीच्या मदत क्रमांकावरून एक माणूस आला, त्याने वायरी लावून ती जिवंत केली आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, आतला दिवा राहिला असणार." आई म्हणाली, "असेल बाई." बाबांनी संध्याकाळी एक पांढरा पुठ्ठा कापला आणि फळ्यावर लिहायचे त्या सुबक अक्षरात पाटी करून गाडीत समोर चिकटवली: 'दिवे बंद केलेत का? नक्की? पुन्हा एकदा बघावे.'

आम्ही हसलो. पुणेकराच्या घरात पाटी लागायला निमित्तच लागतं.

काही दिवसांनी गाडी पुन्हा मेली. मग पुन्हा. कंपनीने बॅटरी बदलून दिली, तर नवी बॅटरीही जुनीच्या वाटेने गेली. दर वेळी येणारा माणूस वेगळा, पण वाक्य तेच: काहीतरी चालू राहिलं असणार. आणि दर वेळी बाबा जेवताना म्हणायचे, "अगं, दिवा राहिला असेल तुझा. वय झालं आता, व्हायचंच."

आई गाडी लावून आली की दोनदा मागे जायला लागली. काचेला नाक लावून आत बघायची, दार ओढून बघायची, घरात येऊन चप्पल काढायची आणि पुन्हा घालून बाहेर जायची. मग मला म्हणायला लागली, "स्पृहा, गॅस बंद केलाय ना मी? जरा बघ ना." गॅस बंदच असायचा.

मी घरून काम करते, त्यामुळे दुपारी मीटिंग संपली की चहाला स्वयंपाकघरात जाते. एकदा गेले तर आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती आणि पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र. नीट ऐकलं तर ते आकडे होते. जुने, छोटे टेलिफोन नंबर. पंचांगवाले, छत्रीवाले, बोहारणीच्या गल्लीतला तो शिंपी. एकेक नाव घ्यायची आणि नंबर म्हणायची. एका नावाशी ती अडली. लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी काळी पडून धूर यायला लागला तरी ती तशीच उभी.

"आई, काय करतेस?"

"परीक्षा घेत्येय," ती म्हणाली. तिने पोळी उलटली, ती करपलेलीच होती. "आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, असंच सुरू झालं होतं. आधी नळ उघडा राहायचा. मग गॅस. मग एक दिवस मला म्हणाली, बाई, तुम्ही कोणाकडे आलात?"

मी तिला समजावलं. गाडीचं पुस्तक आणून दाखवलं. दार लावलं की दिवे आपोआप जातात, दिवा राहिला तर गाडी ओरडते, तू विसरलीस तरी गाडी विसरत नाही, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी दारच नीट लावलं नसेल."

तेव्हा मला कळलं की नुसतं 'तू नाहीस' म्हणून भागणार नव्हतं. 'मग कोण' हेही सांगावं लागणार होतं. तोवर आईने ठरवूनही टाकलं होतं. "सोमवारपासून हिरासाठी त्या मोठ्या गाड्या येतात ना, त्यातली मागवत जाऊ. ही तू वापर, नाहीतर विकून टाक. तिला मधेच कुठेतरी उतरवलं आणि ती कोण हेच मला आठवलं नाही, तर?"

मला रडू आलं, पण मी स्वभावाने रडण्यापेक्षा उकरणारी आहे. बाबांकडून तेवढं एक आलंय. मी बसून आठवायला लागले, गाडी कधी मेली आणि कधी नाही. आईच्या माहेरी, वाईला, तिच्या वेणूबाईआत्याच्या नातवाच्या मुंजीला आम्ही गेलो होतो. मुक्कामभर गाडी अंगणात उभी होती, कोणी हात लावला नव्हता आणि निघताना एका दमात सुरू झाली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी ती मुद्दाम नुसती ठेवून बघितली, तिथेही ठणठणीत. एकदा मी ती ऑफिसच्या तळघरात सोडून कामासाठी बाहेरगावी गेले होते, तरी काही झालं नाही. म्हणजे माहेरी बरी, परक्याकडे बरी, आजारी पडते ती फक्त आमच्या घरी.

हे मी जेवताना सांगितलं तर बाबा म्हणाले, "वास्तुदोष. शांत करून घ्या." आणि स्वतःच हसले. तात्यारावांच्या कानावर गेलं तेव्हा ते मात्र गंभीरपणे म्हणाले की त्यांचं हेच म्हणणं पहिल्यापासून होतं. शिवाय त्यांनी उंदीर आणि कोपऱ्यावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर असे आणखी दोन संशयित दिले. मी बॉनेट उघडून उंदराची लेंडी शोधली. नव्हती. ट्रान्सफॉर्मरच्या जवळ तर तात्यारावांची स्वतःची गाडी उभी असते, आणि ती जुनी असून धडधाकट.

शनिवारी सकाळी आई चालत मंडईत गेली. गाडी तिच्या जागी होती. आमचं घर तळमजल्यावर, आणि गाडीची जागा म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी लागून. डावं अंग भिंतीकडे, मधे एक बारीक माणूस कसाबसा शिरेल एवढी फट. त्या फटीत काही वायर लोंबतेय का बघायला मी टॉर्च घेऊन शिरले. तोल गेला म्हणून पुढच्या दाराच्या कडीला हात लावला.

टुक.

गाडी उघडली. आरसे पसरले, दिवे लुकलुकले, जणू मी घरची मालकीण आणि ती माझीच वाट बघत होती.

ही गाडी किल्लीने उघडावी लागत नाही. किल्ली जवळ असली की कडीला हात लावला तरी उघडते. पण किल्ली आईच्या पर्समध्ये असते, आणि पर्स मंडईत होती. मी तिला फोन केला.

"आई, किल्ली कुठंय?"

"पर्समध्ये. हे बघ, हातात घेतली." आणि लगेच, बारीक आवाजात, "का गं? काही विसरले का मी?"

असा प्रश्न मी आधी मनात नीट जुळवून विचारायला हवा होता. "नाही नाही, भाजी आण तू," म्हणून मी फोन ठेवला.

कडीवरचं बटण दाबून मी गाडी बंद केली. पुन्हा हात लावला. टुक. फटीतून बाहेर आले, वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेले, तिकडच्या कडीला हात लावला. ढिम्म. पुन्हा डावीकडे. टुक. मला इतकी मजा वाटायला लागली की मी हे उगाचच आणखी दोन-तीनदा केलं. वरून तात्याराव म्हणाले, "काय गं, गाडी बिघडली का तू?"

दोन गोष्टी स्पष्ट होत्या. दुसरी किल्ली जवळपास होती, आणि ती डाव्या बाजूला होती. डाव्या बाजूला भिंतीशिवाय काही नव्हतं. म्हणजे किल्ली भिंतीच्या आत होती.

मी घरात आले. बाबा बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते.

"बाबा, गाडीची दुसरी किल्ली कुठंय?"

"जागेवर."

"कुठल्या?"

"जिथे असायला हवी तिथे." पेन थांबलं नाही.

कपाटाच्या खणात, जिथे ती असायला हवी, तिथे ती नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले. त्या भिंतीवर तीनच गोष्टी आहेत: डब्यांची फळी, पाण्याचं मशीन आणि आईचा देव्हारा. मी पोह्यांचा डबा उघडला, रव्याचा उघडला, डाळीत हात घातला. मशीनच्या मागे बोटं घातली. देव्हाऱ्याचा खण उघडला, त्यात वाती, कापूर, उदबत्त्या. हे सगळं आई रोज हाताळते, तिथे किल्ली असती तर तिलाच सापडली असती. मग मी वर बघितलं. देव्हाऱ्याला लाकडी कळस आहे आणि कळसामागे अंधारी सपाट जागा. आई बुटकी, तिचा हात तिथे पोचत नाही. दिवाळीला ती जागा बाबाच पुसतात.

मी स्टूल ओढलं.

"स्टूल नको. हलतं ते, पडशील." बाबा दारात उभे होते. शब्दकोडं तसंच हातात होतं. त्यांनी ते फळीवर ठेवलं, हात उंच केला आणि कळसामागून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. त्यांचा निळ्या काठाचा रुमाल. आत किल्ली, एक सुपारी, थोड्या अक्षता आणि कागदाच्या पुडीत कुंकू. तांबड्या जोगेश्वरीच्या देवळात देतात तसलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते देव्हाऱ्याकडे.

"याच्यामुळे?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक आणलं. दिव्यांचं पान मी वाचलं होतं, त्याच्या पुढचं वाचायचा कंटाळा केला होता. त्यात छापलेलंच होतं: किल्ली गाडीलगत ठेवू नये, गाडी जागी राहते आणि बॅटरी उतरते. दाराबाहेर चप्पल वाजली की 'कोण आलं' म्हणून उठून बसणारी म्हातारी माणसं असतात ना, तसं गाडीचं झालं होतं. भिंतीपलीकडे मालक आहे अशी चाहूल तिला रात्रंदिवस लागत होती आणि मालक काही येत नव्हता. बाबांनी पान वाचलं, मग चष्मा काढून पुसला. "साधी गोष्ट," ते म्हणाले. "नववीतल्या पोराला कळेल."

"आईला तुम्ही सांगायचं," मी म्हणाले. "मी नाही."

आई पिशव्या घेऊन आली. बाबांनी तिला खुर्चीत बसवलं आणि वर्गात उभे राहतात तसे उभे राहिले. लहरी म्हणजे काय इथून सुरुवात केली. विटांची भिंत त्यांना अडवत नाही, असं म्हणेपर्यंत आईने हात वर केला.

"म्हणजे दिवा राहिला नव्हता?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

आईने भाजीची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि ती रडायला लागली. मेथीच्या पानांवर टपटप पाणी पडत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नव्हते विसरले मी," ती म्हणत होती. "स्पृहा, नव्हते विसरले."

मग तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "किल्ली वर कोणी ठेवली?"

रुमाल ओट्यावर उघडा पडला होता, सुपारी, अक्षता सगळं दिसत होतं.

"मी," बाबा म्हणाले. "तू पहिल्यांदा एकटी खडकीला गेलीस ना, त्या दिवशी. मी कोडं घेऊन बसलो. एक शब्द सुचेना. मग चालत जोगेश्वरीपर्यंत गेलो. परत आलो. काहीतरी करायला हवं होतं, कुसुम. तू इतकी वर्षं माझ्या मागे बसून काय पुटपुटायचीस आणि का, ते मला त्या दिवशी कळलं."

मला वाटलं, आता आई विरघळणार. ती विरघळली नाही. ती उठून उभी राहिली.

"देव आहे म्हटलं तर तुम्ही जन्मभर पुरावा मागितलात," ती म्हणाली. "ते ठीक. पण मी विसरले म्हटल्यावर? ते मात्र लगेच मानलंत. पाटी लावलीत."

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. हे मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं.

आईने फोन घेतला. नावांची यादी न उघडता बोटांनी भराभर नंबर दाबला. "हिरा, तयार राहा. मी निघत्येय. हो, मीच. सोमवारीही मीच." फोन ठेवून तिने रुमालातली सुपारी उचलली आणि बाबांच्या हातावर ठेवली. "चपला घाला. आणि मागे नाही, पुढे बसायचं. स्तोत्र येत नाही ना तुम्हाला? मग ही धरून बसा."

दुसरी किल्ली मी माझ्या खोलीत, घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून आले आणि मागच्या सीटवर बसले. आईने गाडी भिंतीपासून बाहेर काढल्यावर बाबा पुढे बसले, ते दरवाजाच्या वरचं हँडल दोन्ही हातांनी धरूनच, सुपारी मुठीत. लक्ष्मी रस्त्याला एक स्कूटरवाला आडवा आला तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. "तिकडे ब्रेक नाहीये," आई म्हणाली. संगम पुलावर त्यांनी एक हात सोडला. मला वाटलं, खिशातून काही काढताहेत. ते नखाने समोरची पाटी उकलत होते. गोंद चांगला लावला होता, कोपरे निघाले पण मधला भाग चिकटून राहिला. 'पुन्हा एकदा बघावे' एवढं उरलं. ते खरवडत राहिले, खडकी येईपर्यंत.

हिरामावशी फाटकाशी काठी टेकून उभी होती. बाबांना पुढे बसलेलं बघून तिने चष्मा वर केला. "अगं बाई, साहेब? आज सूर्य कुठून उगवला?"

आईने गाडी कडेला लावली आणि आम्ही तिघं उतरलो. तिने दार लोटलं, कडीला बोट लावलं आणि हिरामावशीला हात द्यायला सरळ चालत गेली. काचेतून आत डोकावली नाही, दार ओढून पाहिलं नाही. मागे वळली नाही.

बाबा मात्र गाडीपाशीच थांबले होते. त्यांनी काचेला नाक लावून आत बघितलं, दार एकदा ओढून पाहिलं, आणि मग आमच्या मागून आले.